टी-पॉइंटवरचा वर्ग

मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला मोर्चा अडवला
तशी आम्ही सतरंजी टाकली डांबरावरच.
अधिवेशनातली थंडी, खालून वर चढणारी.

कुहीची पार्बताबाई, अठरा वर्षं
दीडशे पोरांची खिचडी शिजवणारी,
तिनं जीआर उलटा धरला होता.
कोणी हसलं नाही.
भिवापूरच्या सुकेशनीनं तो सुलटा केला,
बोट ठेवलं एका शब्दावर: मानधन.

"यात मान कुठी हाये?"
"आन् धन?" मागून कोणीतरी.

रात्र त्या एका शब्दातच गेली.
वेतन लिहिलं असतं तर
रजा लिहावी लागली असती, पेन्शन, बाळंतपण.
म्हणून नाही लिहिलं.
एवढंच कळायला मला
बावन्न वर्षं आणि एक रस्ता लागला.
शाळेत तर मी रोजच जाते,
मागच्या शेडमध्ये, जिथून पाढे ऐकू येतात
कुकरच्या शिट्ट्यांमधून, अर्धे.

पहाटे बॅरिकेडला टेकलेली शिपाई पोरगी
हळूच म्हणाली, ताई,
बदलीचा अर्ज कसा लिहितात?
खिशातून घडीचा कागद काढला तिनं.

"पयले सुलटा धर,"
पार्बताबाई म्हणाली,
आणि एकटीच हसत राहिली.