दोन काटे

जुन्या मोंढ्यातल्या भंगारवाल्याकडून
स्प्रिंगचे दोन वजनकाटे आणले, साडेसातशेला जोडी.
एकाची काच फुटलेली,
दुसरा दीड किलो जास्त दाखवतो. तो डावीकडं ठेवला.
विद्यापीठात असताना पाहिलेली ती फोर्स प्लेट,
तिच्या किमतीत आमच्या जिमचे पत्रे दोनदा बदलून झाले असते.
म्हणून हे.

मुबीन, बूट काढ.
एकेक पाय एकेका काट्यावर. हलू नको.
डावा बावीस, दीड वजा करून.
उजवा एकोणचाळीस.
"मॅडम, मी तर सरळ उभाय."
अकरा वर्षं छावणीच्या मैदानावर
दुसऱ्यांच्या बॅगा उजव्या खांद्यानं वाहिल्या
की वाकडं तेच सरळ वाटायला लागतं.
हे मी वहीत लिहिलं.
त्याला म्हणलं, उद्या साडेपाचला ये.

मे महिना. मैदान पापडासारखं वाळलेलं,
झेंड्याभोवती तेवढं हिरवं.
निवृत्त कर्नलसाहेबांनी दिलेली सात नंबरची स्टिक, तिची मूठ झिजलेली.
तो मारतो, आणि सगळं हातानंच मारतो.
दात आवळलेले, मानेची शीर टरारलेली,
कंबर मात्र चावडीवर बसलेल्या माणसासारखी निवांत.
चेंडू उजवीकडं पळतो, बोरीच्या झुडपात.

मला ठाऊक आहे ते झुडूप.
परभणीचं मैदान, मी एकोणीसची, हातात भाला.
मीही हातानंच फेकत होते.
पाचव्या फेकीला खांद्यात
जुनं धोतर टरकावं तसं काहीतरी झालं.
अजून वेणी घालताना उजवा हात अर्ध्यावर थांबतो.

तर मुबीन, खुर्चीवर बस.
छातीवर काठी आडवी धर, गुडघे पुढं,
आता फक्त पाठ वळव.
भाचीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावला: अठ्ठावीस.
पंचेचाळीस पाहिजेत.
जुन्या फुटबॉलमध्ये वाळू भरून शिवून घेतली,
तो भिंतीवर आपटायचा, कमरेतून.
एका पायावर उभं राहून दात घासायचे.
झोप किती? चार तास?
मग व्यायाम कमी कर, झोप वाढव.
त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

"गोफण फिरवलीस कधी, ज्वारीवर?"
"पडेगावला, मामूच्या रानात. लई."
"खडा कशानं जातो?"
विचारात पडला. मग पायाकडं बघितलं.
हां. तिथून.
टाच जमीन दाबते, खुबा वळतो
आणि थांबतो.
थांबतो म्हणून छातीला वेग मिळतो.
छाती थांबते, मग हात. हात थांबतो, मग स्टिक.
प्रत्येकानं आपल्या पाळीला थांबायचं असतं, मुबीन.
माझं कोणी थांबलंच नव्हतं,
आणि सुरू तरी कुठं झालं होतं.

नवव्या आठवड्यात ताडपत्री टांगली, मोबाइल काट्यांपुढं ठेवला.
सावकाश केलेल्या चित्रात
डाव्या काट्याची सुई आधी मागं गेली, अठरावर,
मग उठली,
एकसष्ट ओलांडून साडेपंच्याऐंशीपर्यंत, आणि परत खाली.
ताडपत्री धप्पकन वाजली.
"मॅडम, काटा बिघडलाय.
मी एकसष्टचा. दीड वजा केलं तरी चौऱ्याऐंशी कुठून येईल?"
येतं. पापणी लवायच्या आत
माणूस स्वतःपेक्षा जड होतो,
जमिनीला तेवढं ढकललं तर.
त्यानं ते सात वेळा बघितलं.
मग स्टिक भिंतीला लावून म्हणाला,
"आता तुम्ही."

मी चप्पल काढली.
हातात काही नाही.
उजवा हात कानापर्यंत गेला नाही, तो जाणारही नव्हता,
पण डावी टाच रोवली, खुबा वळला,
थांबला.
पत्र्यावर कबुतरं फडफडली.

मुबीननं आकडा मोठ्यानं वाचला.
दीड वजा करायला तो विसरला.
मीही.