दातेरी चमचा

रेड क्लिफ्सच्या माझ्या औषधांच्या दुकानात
लिंडसे ट्रेथोवन हल्ली टोपी काढत नाही.
कानामागचा काळा डाग कापला, त्याला दोन वर्षं झाली.
ते परत आलंय, फुप्फुसात, दोन ठिकाणी,
आणि मेलबर्नच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय:
रोज सकाळी सहा कॅप्सूल,
शिवाय जोडीच्या गोळ्या, दोन वेळा.

पिशवीत घालण्याआधी मी डब्यावर लेबल चिकटवलं,
अंगठ्यानं दाबलं.
त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढून वाचलं,
पुन्हा वाचलं.
‘ग्रेपफ्रूट,’ म्हणाला. ‘माझं ग्रेपफ्रूट?’

जसं काही जगात दुसऱ्या कुणाचं नसतंच.
मरे नदीच्या पाण्यावर नऊशे झाडं त्याची,
बापानं लावलेली पहिली रांग अजून धरते.
चाळीस वर्षं, पहाटे साडेपाचला,
अर्धं फळ, वर चिमूटभर मीठ,
आणि तो दातेरी चमचा,
लग्नात आलेल्या सहांपैकी उरलेला एकुलता.

मी काउंटरवर बोटानं एक दार काढलं.
यकृतात असं एक दार असतं, लिंडसे,
औषध तिथून मोडत मोडत बाहेर पडतं.
हे फळ त्याला आतून कडी घालतं.
मग औषध साचत जातं,
आणि ठोके चुकायला लागतात.

‘सकाळी गोळ्या, रात्री फळ?’
नाही. कडी दोन-तीन दिवस निघत नाही.
‘एखादी फोड?’
नाही.
‘नुसता रस?’
लिंडसे.

दुसऱ्या दिवशी बेरिल आली,
विजेच्या बिलामागे यादी लिहून.
लिंबू? चालेल. गोड संत्रं? चालेल. चहा, चीज, मटण?
चालेल, चालेल, चालेल.
मार्मालेड?
कुठल्या संत्र्याचं, मी विचारलं.
सेव्हिलच्या. कडू. चौदा बरण्या आहेत.
मी मान हलवली.
तिनं चौदा आकडा लिहून त्यावर काट मारली,
पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत.

मग बेंडिगोच्या बहिणीनं कुरियरनं बाटली धाडली:
पिवळ्या फुलांचा अर्क, मन हलकं होतं म्हणे.
ती तो स्वतः घेऊन आला,
चित्रावर नख ठेवून म्हणाला, ‘हे तर तण आहे!
तीस वर्षं मी याच्यावर फवारा मारतोय.’
हसता हसता खोकला आला, खुर्ची द्यावी लागली.
बरं केलंस आणलीस, मी म्हटलं,
हे दार सताड उघडं टाकतं,
औषध आलं तसं निघून जातं,
गाठी राहतात बसून.
तो पाणी प्यायला.
‘म्हणजे शत्रू मी बरोबर ओळखला होता.
मित्राच्या बाबतीत चुकलो.’

चुकला नव्हता. पण हे मला वेळेवर सुचलं नाही.

जुलैत नदीवर धुकं बसलं, तोडणी सुरू झाली.
बेरिल सांगत होती, आता फळ कॅलन चाखतो,
नातू, नऊ वर्षांचा,
आणि म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहतो.
पोरानं एक डोळा मिटला की तोडायला हरकत नाही.
दोन्ही मिटले की अजून आठवडाभर थांबायचं.

मला वाटलं, यंदा माझ्याकडे काही येणार नाही.
शुक्रवारी मागच्या दाराशी पोतं होतं,
देठांना पानं तशीच, दवानं ओली,
आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला
तो चमचा.

मागच्या खोलीत, दार लावून, उभ्यानंच खाल्लं मी.
मीठ नव्हतं.
डोळ्यात चिळकांडी उडाली.

मग कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा,
आणि त्याचे महिन्याचे डबे काढायला घेतले.
एवढं धुण्याची काही गरज नसते.
मला ठाऊक आहे, मीच लोकांना सांगते.
तरी तिसऱ्यांदा धुतले.