आउवोचा उजवा हात

दुपारचे तीन, आणि औलूत अंधार पडलेला.
खिडकीबाहेर नदी गोठायच्या बेतात,
कडेकडेने साय धरलेली.
टेबलावर तळहाताएवढी हिरवी पाटी,
तिच्यावर तांब्याची वेटोळी, कडेला एक चिप,
आणि वर, दोन मिलिमीटर अधांतरी,
ॲल्युमिनियमची चकती,
अर्ध्या खाल्लेल्या बिस्किटासारखी.

कुणी कुणाला शिवत नाही इथे.
बाहेरचं वेटोळं सेकंदाला चाळीस लाख वेळा
हो-नाही, हो-नाही करत राहतं.
त्या चुळबुळीने धातूच्या अंगात
विजेचे बारीक भोवरे उठतात,
आणि भोवऱ्यांचा स्वभाव असा
की ज्याने उठवलं त्याच्यावरच उलटायचं.
चकती जिथे, तिथे क्षेत्र जरा दबतं.

आतली दोन वेटोळी, एक दुसऱ्याच्या पाव लाट मागे,
त्या दबण्याची आपापली साक्ष देतात.
एकाचं ऐकून भागत नाही.
चिप एका जबानीला दुसरीने भागते
आणि कोन सांगते: सदतीस पूर्णांक दोन.
चकती थोडी वर सरकली
तर दोन्ही आवाज सारखेच बारीक होतात,
भागाकार हलत नाही.
हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा
मी उठून कॉफी आणायला गेले होते,
एकटीच हसत.

लाकूडतोड्या यंत्राचं पेडल होणार होतं याचं.
म्हणून आम्ही त्यावर तेल ओतलं, भुसा टाकला,
बाहेरचा ओंजळभर बर्फ आणून थापला.
सदतीस पूर्णांक दोन.
पण मधूनच, काही कारण नसताना, सदतीस पूर्णांक पाच.

नऊ दिवस.
हीटर बंद केला, स्वेटरवर कोट घालून बसलो.
टेबलाचे स्क्रू काढले, पितळी किल्ल्या बाहेर टांगल्या,
पाटी बदलली, चिप बदलली,
मी माझे कानातलेसुद्धा काढून ठेवले.
काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा:
दहाव्या दिवशी आउवो शिंकला,
पाटी धरलेला हात मागे गेला,
आणि आकडा गपकन जागेवर आला.

त्याने हाताकडे पाहिलं.
मग मनगट हळूच वेटोळ्यावर आणलं. पाच.
दूर नेलं. दोन.
पुन्हा आणलं.
"पट्टी आहे आत," म्हणाला, "आणि सहा स्क्रू."
अकरा वर्षं शेजारी बसतोय आम्ही,
मला ठाऊक नव्हतं.
चिपला कातडी दिसत नाही, मांस दिसत नाही,
तेलभुशासारखंच ते तिच्या लेखी नसतंच.
तिने थेट हाडावरचा धातू पाहिला.

कसं झालं, मी विचारलं नाही.
त्याने खिशातली खारी काळी गोळी तोंडात टाकली,
"वडिलांच्या छपरावरून," एवढंच बोलला,
"अँटेना काढत होतो. घर विकलं होतं."
आणि नोंदवहीत, दोषाच्या रकान्यात,
स्वतःचं नाव लिहिलं: आउवो रंतालैनेन, उजवा.

आता तो पाटी डाव्या हाताने धरतो.
आकडा स्थिर आहे, सदतीस पूर्णांक दोन,
संध्याकाळपर्यंत एक काटाही हललेला नाही.
डावा हात थोडा थरथरतो.
पाटी आणि चकती एकाच चौकटीत बसवलेली,
दोघी मिळून थरथरतात,
म्हणून चिपला ते कळत नाही.

मी अहवालात तेवढं लिहिलेलं नाही.