खोली मोजताना

मुहर्रकच्या दवाखान्यात मला नळकांड्यात घातलं.
चाळीस मिनिटं ठक ठक ठक ठक,
गोदीत बोटीचा गंज खरवडतात तसं.
मी आजारी नव्हतो. त्यांना निरोगी म्हातारे हवे होते
अभ्यासासाठी; मी हात वर केला.
साखर नाही, बीपी एका गोळीवर,
रोज पहाटे कॉर्निशवर पाच हजार पावलं.

डॉक्टर बदरियाने पाच शब्द दिले:
सुई, खजूर, पूल, कावळा, आरसा.
मधे शंभरातून सात सात वजा करायला लावले,
मग परत मागितले. पाचही दिले,
सुट्ट्या पैशांसारखे मोजून.

मग तिने चित्र दाखवलं.
मेंदूत पाण्याच्या खोल्या असतात, म्हणाली,
तुमच्या किंचित रुंदावल्यात.
आणि आठवणींचा हा भाग, समुद्रघोड्यासारखा,
वयाच्या मानाने जरा बारीक.
होईलच असं नाही.
पण झालंच, तर सुरू होतं ते असं,
कित्येक वर्षं आधी, आवाज न करता.

मला काय समजावता, बाई.
एकतीस वर्षं ड्रेजिंग कंपनीत मी याच समुद्राचे नकाशे काढले.
जिथे माझ्या हाताने चार वाव खोली लिहिली
तिथे आज मॉलचं पार्किंग आहे.
किनारा सरकतो तो आधी आकड्यांत;
पायांना फार उशिरा कळतं.
जुने नाखवे अजून बोट दाखवतात,
आमचं गलबत तिथे लागायचं.
तिथे सिग्नल आहे.

हेमलता बाहेर बाकावर, पर्स मांडीवर धरून.
"काय म्हणाली?"
"ठणठणीत आहे म्हणाली."
"मग झालं," म्हणत उठली
आणि लिफ्टच्या उलट दिशेला चालू लागली.
वळली, हसली. मीही हसलो.

रात्री पाणी प्यायला उठलो.
ओट्यावर बरण्या. प्रत्येकीवर चिठ्ठी,
तिच्या टपोऱ्या अक्षरात: जिरं. मोहरी. साखर.
मागच्या महिन्यात म्हणाली होती,
नव्या बाईसाठी लावल्यात.
आमच्याकडे बाई कधीच नव्हती.

मी दिवा लावला नाही.
फ्रीज उघडा ठेवून त्याच्या उजेडात उभा राहिलो.
माझे पाच शब्द अजून माझ्यापाशी होते,
सगळेच्या सगळे,
आणि समोर काचेच्या बरणीवर लिहिलेलं, "हळद",
आतलं पिवळं
इतकं स्वच्छ दिसत असताना.