फुलाकडचं टोक

सगळ्यांआधी लाल झाला,
तेव्हाच मला संशय यायला हवा होता.
वरून बघावं तर नवरदेव.
देठाशी हिरवी चांदणी, खांदे तुकतुकीत.
हातात घेऊन उलटा केला
तर बूड काळं, चपटं,
जुन्या पाकिटाच्या चामड्यासारखं.
जिथे फूल होतं, नेमकं तिथेच.

आमच्या बागा वूच शहराच्या कडेला,
ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे.
प्रत्येकाला एक तुकडा, एक खोपटं, एक कुलूप.
माझा तुकडा एकोणसत्तरावा.
कुंपणापलीकडून झेनोन म्हणाला, अंड्यांची टरफलं.
हिवाळाभर साठवलेली बरणी कुटून ओतली.
ल्युडमिवाने सांगितलं, दूध.
दूध!
मी रांगांच्या काळातली बाई,
मातीवर पेला कलता करताना
हात आपोआप आखडला,
अर्धा मीच प्यायले.
कुणी चुना म्हणालं, कुणी शाळेतले खडू.
एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत:
कॅल्शियम कमी पडतंय.
माझ्या डॉक्टरीणबाईही तेच म्हणतात,
फक्त त्या माझ्या मणक्यांबद्दल बोलत असतात.

मुलगा बर्गनला, बोटीवर.
फोन आला तर दोन तास,
नाही आला तर महिना.
त्याला सहज सांगितलं टोमॅटोच्या बुडाचं.
आठवड्यात खोकं दारात.
आत निळी बाटली, परदेशी अक्षरं,
आणि त्यांतही ओळखू आला
तोच एक शब्द.

मग एका गुरुवारी,
खरं तर गुरुवारी मी येतच नाही,
चष्मा खोपट्यात राहिला होता म्हणून आले.
वाफ्यात बोट खुपसलं.
दुसऱ्या पेरापर्यंत धूळ.
पानं अशी मिटलेली
जशी मी नसताना ती रोजच मिटत असणार.

मी शनिवारी येते. गुडघे.
एका दमात सहा झाऱ्या ओतते
आणि पुण्य केल्यासारखी घरी जाते.

मातीत चुना होता की, हवा तेवढा.
तो वर न्यायचा पाण्याने.
आणि पाणी म्हणजे मी.
पाच दिवस कोरड, सहाव्या दिवशी पूर;
त्या कोरडीत होतं नव्हतं ते
पानांनीच ओढून घेतलं,
सगळ्यात लांबचं टोक तसंच राहिलं,
कुणाला हाक न मारता.

निळ्या बाटलीतलं औषध झेनोनला दिलं,
त्याच्या मिरच्यांना, बघ म्हटलं लागू पडतंय का.
बाटली ठेवून घेतली.
रफूची सुई चुलीवर तापवून
झाकणाला एक भोक पाडलं, एकच,
आणि पाणी भरून उलटी खोचली मुळाशी.
मग सोड्याच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, सतरा.
सशांवाल्या काझिकने पेंढा दिला, तो पसरला.
आता एक दिवसाआड येते,
बाटल्या भरते, बाकावर बसते.
कान दिला तर काही ऐकू येत नाही,
इतकं हळू चाललेलं असतं.

पहिल्या दोन घोसांचं काही झालं नाही.
काळं तेवढं कापून टाकलं,
वरचा भाग गोड होता, त्याचं सूप केलं.
तिसरा घोस ऑगस्टात पिकला.
प्रत्येक फळ उलटं करून बघितलं,
ही सवय आता जाणार नाही.

परवा फोन आला.
आई, पाठवलेलं औषध लागू पडलं का?
पडलं ना, म्हटलं.
बाटली तर फारच.