दहा रुपयांत एक जीबी

मुनाफ मिस्तरीने टेबलावर तीन यंत्रं मांडली
आणि पंखा बंद केला.
नंदुरबारच्या पथारींवरून
मिरचीची धूळ आत येत होती.
म्हणाला, लेन्सलाही ठसका लागतो, भो.

पहिलं काळं, चकचकीत,
एकदम पाच सीड्या घेणारं, रिमोट हरवलेलं.
दुसरं कुणाच्या तरी जीपमधलं,
वायरी बाहेर लोंबणारं.
तिसरं चंदेरी, कडेला गंज,
वर नेलपॉलिशनं लिहिलेलं :
‘वर्षा. हात लावू नये.’

वाजवून दाखव, म्हटलं.
“आते कोण आयकस सीडी, लोटनभो?
मोबाइल शे ना तुनाकडे.”

आहे.
त्याला माझं सगळं माहीत आहे,
रात्री साडेदहाला मला काय लागतं तेसुद्धा.
एक गाणं ऐकलं की तसलीच चाळीस वाढतो,
पंगतीत आग्रहाला उभ्या राहिलेल्या व्याह्यासारखा,
पानावर हात आडवा धरला
तरी बोटांच्या फटीतून.
मयुरी म्हणते, पप्पा, थांबवायचं बटण आहे की.
बटण आहे.
संपणं नाही.

पण हे मुनाफला सांगायला मला तोंड नव्हतं.

स्टेशन रोडला माझंच दुकान होतं, भिंतभर सीड्या.
गिऱ्हाईक नाव विसरून यायचं,
भलत्याच चालीत दोन ओळी गुणगुणायचं,
आणि मी वळून न बघता
बरोबर डबी काढायचो.
मग एका दिवाळीला कॉम्प्युटर घेतला,
बाहेर पाटी लावली :
मेमरी कार्ड भरून मिळेल.
दहा रुपयांत एक जीबी.
धडगावहून, अक्कलकुव्याहून पोरं आली,
कार्ड खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी.
नाव कुणी विचारेना.
भर भो, काहीपण.
मी काहीपण भरलं. तीन वर्षं.

उरलेल्या सीड्या शेतकऱ्यांनी नेल्या,
पाखरं हाकलायला.
तळोद्याच्या वाटेवर एका ज्वारीच्या रानात
मी माझाच माल दोऱ्याला टांगलेला पाहिला,
उन्हाचे तुकडे फेकत,
गरगर, मुका.
गाडी लावली आणि एक तोडून आणली.
चोरीच म्हणायची.

तीच आज खिशात होती.
छापलेलं सगळं उन्हानं खाल्लेलं,
मधल्या भोकात अजून सुतळीचा धागा.

पहिल्यानं ती गिळली आणि गप्प बसलं,
मुनाफला पेचकस घालून बाहेर काढावी लागली.
दुसरं जरा खरखरलं, तेवढ्यात
सुरतकडची मालगाडी गेली,
टेबल हाललं, ते जे अडलं ते अडलंच.
तिसऱ्याचा ड्रॉवर हळू आला,
पाट सरकवून बसा म्हणावं तसा.
बराच वेळ नुसतं फिरत राहिलं.
पहिलं गाणं लागेना. दुसरं, तिसरंही नाही.
मुनाफ हात पुसू लागला,
आणि चौथ्याला एक बाई गायला लागली.

कोण, ते आठवेना.
भिंतभर सीड्यांचा मी मालक,
मला नाव सांगता येईना.
मुनाफनंही मान हलवली.
मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं होतं,
दोघांच्याही, मिरचीनंच.

“किती?”
“सातशे नव्वद.”
“आठशे म्हणाला होतास.”
“मना पोऱ्यानं कार्ड भरेल व्हतं तुनाकडे.
दहा रुपया बाकी व्हतात.”

घरी फ्रिजवर ठेवलं.
वर्षाची ताकीद पुसली नाही.
मयुरी समोर उभी राहून
ऐकायचं सोडून बघत होती,
आठव्या गाण्यानंतर चकती मंदावत गेली
आणि आत कुठेतरी टक झालं.
“आता?”
“आता काही नाही.”
ती थांबली. मीही.
फ्रिजची घरघर ऐकू आली,
आणि पलीकडच्या पथारीवर
मिरच्या खालीवर करणाऱ्या बायकांपैकी
एक शिंकली.