दांडा कटती

एप्रिलात सावद्याचं डांबर सकाळी आठलाच मऊ होतं.
फैजपूरच्या बसमध्ये खिडकीकडची सीट तापलेली,
म्हणून मी उभीच राहते, दांडीला कोपर अडकवून,
घसाऱ्याच्या दोन पद्धती पुटपुटत.
शेजारच्या बाईला वाटतं मी जप करतेय.
ती पाय आवरून घेते.

एम.कॉम., भाग दोन. वय एकोणचाळीस.
हॉल तिकिटावर तोच फोटो
जो रेशन कार्डासाठी काढला होता.
सासूबाई म्हणाल्या, "आता कायले वं परीक्षा?
चष्मा त लागला तुले."
म्हणाल्या, आणि कळण्याची भाकरी
पेपरात गुंडाळून पर्समध्ये कोंबली.
माझ्या ताळेबंदाच्या नोट्सना
अजून ठेच्याचा वास आहे.

बारा वर्षं मी टिकाराम शेठच्या केळी ग्रुपवर
पावत्या लिहिते.
वजन, भाव, वरचा फरक,
मग दांडा कटती: क्विंटलला दहा किलो वजा,
मग बाकी.
हात आपोआप दहा लिहायचा,
भाजीत मिठाकडे जातो तसा.

भिरूड सरांचा तास रविवारी, पंखा बंद पडलेल्या खोलीत.
"प्रत्येक नावेला कुठंतरी जमा असते.
सापडली नाही म्हणजे नाही असं नाही,
तुम्ही शोधली नाही."
शेवटच्या बाकावरून सुमली बारेला,
सातपुड्यातून दोन गाड्या बदलून येणारी,
म्हणाली, "सर, आणि कोणी लपवली असली तर?"
सरांनी बोटांवरचा खडू झटकला.
"ते ऑडिटच्या पेपरला. पुढच्या सत्रात."

मी पुढच्या सत्रापर्यंत थांबले नाही.
त्याच आठवड्यात कटनी झाल्यावर
फण्या उतरवलेले दांडे पडले होते बांधावर,
बोडके, चीक गळत.
युसूफ हमालाला म्हटलं, टाक काट्यावर.
तो हसला. "हे कोन तोलतं ताई?"
तरी टाकले.
एका क्विंटलमागे सात किलो.
पुन्हा तोलले. सात, वर थोडं.
युसूफ हसायचा थांबला.

तीन किलो.
कीर्दीत नाहीत, खतावणीत नाहीत,
सस्पेन्स खात्यातसुद्धा नाहीत.
फक्त माझ्या अक्षरात आहेत,
बारा वर्षं, निळ्या शाईत, सुवाच्य.

शेठना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं.
त्यांनी ड्रॉवर उघडून सुपारी काढली.
"पोरी, तुझी कॉलेजची फी कोनी भरली?"
त्यांनी. दोन्ही वर्षांची. मी न मागता.
पेढेसुद्धा त्यांनीच आणले होते.
मी त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर
फी नावे लिहिली,
आणि समोरचा रकाना
बराच वेळ बघत बसले.

पेपरात प्रश्न आला: ख्याती म्हणजे काय, सोदाहरण लिहा.
मी पुस्तकातलं लिहिलं.
उदाहरणाला जागा सोडली होती,
शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा
पान उलटून पाहिलं, आणि तशीच राहू दिली.
दोन मार्क गेले असतील.

निकाल जुलैत.
पण सोमवार त्याच्या आधी आला.
पहिली गाडी चिनावलची. काटा थरथरून थांबला.
वजन लिहिलं. भाव. फरक.
दांडा कटती.
पेन थोडं जास्तच दाबलं गेलं,
कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवरही उमटलं:
सात.

शेठ पलीकडे नोटा मोजत होते.
मोजता मोजता त्यांची बोटं अडली,
पावती वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
आणि नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.
मग पोऱ्याला हाक मारली: चहा सांग.
किती सांगू, त्यानं विचारलं.
शेठ काही बोलले नाहीत.
पोऱ्या दारात उभा,
एकदा त्यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे.